वॉर्ड ऑफिसमधलं 'नागरिकांचं बजेट' : फरशी मागा मिळेल, माणूस मागू नका

पाचपैकी अडीच स्टार. त्यातला एक तर फक्त ह्यासाठी की अशी काही सोय आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं आणि तरी ती दरवर्षी चालू असते. लोक हॉटेलचे रिव्ह्यू लिहितात, मिक्सरचे लिहितात, कुरिअरवाल्याला शिव्या घालतात, पण दरवर्षी निमूट घरपट्टी भरून जी सर्व्हिस आपण विकत घेतो तिच्याबद्दल कोणी दोन ओळी लिहीत नाही. म्हणून म्हटलं आपण लिहू. विषय आहे महापालिकेकडून वस्तीतल्या छोट्या कामांना, मंडळांना, बचत गटांना, अभ्यासिकांना मिळणारा पैसा. आमच्या महापालिकेचं नाव घेत नाहीये कारण आमची एक फाईल अजून तिथे आहे, कळलं असेल. आणि तसंही दुसऱ्या शहरातल्या लोकांशी बोललं की लक्षात येतं, पाट्या वेगळ्या, कारभार तोच.

आधी आम्ही कोण ते सांगते, नाहीतर कोणीतरी विचारेलच की तुम्हाला काय एवढी माहिती. आमच्या भागात एक नागरिक मंच आहे, रजिस्टर्ड, त्यातल्याच बऱ्याचशा बायकांचे बचत गट आहेत, आणि महापालिकेच्या समाजमंदिरात वरच्या मजल्यावर आम्ही एक अभ्यासिका चालवतो जिथे एमपीएससीवाली, पोलीस भरतीवाली आणि दहावी-बारावीची पोरं येऊन बसतात. घरात दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं आणि टीव्ही असल्यावर अभ्यास कुठे करणार. तर ह्या तिन्ही गोष्टींसाठी आम्ही महापालिकेच्या वेगवेगळ्या दारात उभे राहिलोय आणि तिन्ही दारांचा अनुभव इतका वेगळा आहे की एकच ऑफिस आहे यावर विश्वास बसत नाही.

पहिलं दार म्हणजे लोकसहभागी अंदाजपत्रक, ज्याला आमच्याकडे सगळे नुसतं 'नागरिकांचं बजेट' म्हणतात. मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरातली, १९८९ ची, की शहराच्या बजेटमधला काही भाग कुठे खर्च करायचा ते तिथे राहणाऱ्या लोकांनी बसून ठरवायचं. महाराष्ट्रात पुणे महापालिकेने २००६-०७ पासून हे सुरू केलं आणि मग इतरही ठिकाणी कमी-जास्त प्रमाणात आलं. फॉर्म्युला साधा आहे, पुढच्या आर्थिक वर्षाचं बजेट बनायच्या आधी, साधारण पावसाळा संपता संपता, क्षेत्रीय कार्यालयात म्हणजे वॉर्ड ऑफिसात किंवा वेबसाईटवर फॉर्म येतो, तुम्ही तुमच्या प्रभागातलं काम सुचवायचं, फूटपाथ, दिवे, बाक, बसथांब्याची शेड, सार्वजनिक शौचालयाची दुरुस्ती, असलं काही. पुण्यात एका कामाला ५ लाखांची मर्यादा ठरवली गेली आणि आमच्याकडचा कारभारही साधारण तसाच चालतो, म्हणजे फ्लायओव्हर मागू नका, गल्लीतलं मागा.

फॉर्म भरणं सोपं आहे, इथे पूर्ण मार्क. एक पानाचा कागद, नाव, पत्ता, प्रभाग, कामाचं स्वरूप, जागा. ऑनलाईनही भरता येतो पण मी कागदच देते कारण कागदावर शिक्का बसतो. खरी मजा फॉर्म दिल्यानंतर सुरू होते. तो फॉर्म जातो कनिष्ठ अभियंत्याकडे, म्हणजे आपले जेई साहेब, ते जागा बघून ठरवणार की काम होण्यासारखं आहे का, जागा पालिकेच्याच मालकीची आहे का, मग पूर्वगणनपत्रक म्हणजे एस्टिमेट, मग ते प्रभाग समितीसमोर, मग आयुक्तांच्या अंदाजपत्रकात, तिथून स्थायी समिती, तिथून मुख्य सभा, आणि एप्रिलनंतर कधीतरी टेंडर, वर्क ऑर्डर, काम, मोजमाप, बिल. तुम्ही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मागितलेला बाक पुढच्या आर्थिक वर्षाच्या मार्च एंडला बसला तर नशीब समजायचं. हे मला मान्य आहे, सरकारी पैसा आहे, वेळ लागणारच, त्यासाठी मी स्टार कापलेला नाही. कापलाय तो दुसऱ्याच कारणासाठी.

आम्ही अभ्यासिकेसाठी फॉर्म दिला होता. त्यात टेबलं, ट्यूबलाईट, गळकं छप्पर आणि एका माणसाचं मानधन असं लिहिलं होतं, म्हणजे सकाळी उघडणार, रात्री बंद करणार, पाणी भरून ठेवणार, भांडणं लावणाऱ्या पोरांना बाहेर काढणार असा एक माणूस. आत्ता हे काम आमच्यातल्याच दोघी आळीपाळीने करतात आणि घरी एखादं आजारपण आलं की अभ्यासिकेला कुलूप. जेई साहेबांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ताई, फिटिंग सांगा, फरशी सांगा, रंग सांगा, करून देतो. माणूस नका सांगू." वाईट माणूस नाहीये तो, उलट आमच्या वॉर्डातला त्यातल्या त्यात काम करणारा जेई. त्याने खरं तेच सांगितलं.

आणि काय मिळालं? फरशी. आम्ही फरशी मागितलीच नव्हती, जुनी शहाबादी छान होती, थंड राहायची उन्हाळ्यात. ती काढून चकचकीत टाईल्स बसवल्या, ज्यावर खुर्ची सरकवली की अख्खा हॉल दचकतो. आवारात पेव्हर ब्लॉक बसले. छप्पर गळतंय ते गळतंयच कारण ते म्हणे भवन विभागाकडे येतं, ह्या हेडमधून म्हणजे बजेटमधल्या ह्या खर्चाच्या खात्यातून होत नाही. आणि गेटवर एक भलीमोठी स्टीलची नामफलकाची कमान लागली, कोणाच्या प्रयत्नातून, कोणाच्या शुभहस्ते, कोणाच्या संकल्पनेतून, सगळं त्यात आहे, अभ्यासिकेची वेळ सोडून.

मग मी जरा खोदून विचारलं की असं का, आणि तेव्हा जे कळलं ते सगळ्या मंडळवाल्यांनी, सोसायटीवाल्यांनी समजून घेण्यासारखं आहे. बजेटमध्ये दोन कप्पे असतात, भांडवली आणि महसुली. भांडवली म्हणजे एकदाच खर्च होऊन वस्तू उभी राहते, रस्ता, इमारत, फरशी, बाक. महसुली म्हणजे दरवर्षी लागणारा खर्च, पगार, वीज, देखभाल, मानधन. नागरिकांच्या बजेटमधली कामं जवळपास सगळी पहिल्या कप्प्यातली असतात, कारण काम झालं, टेपने मोजलं, एमबीमध्ये म्हणजे मोजमाप वहीत लिहिलं, बिल काढलं, विषय संपला. माणसाला एकदा मानधन दिलं की पुढच्या वर्षी परत द्यावं लागतं, आणि शिवाय कोणीतरी कोर्टात जाईल की आता आम्हाला कायम करा ही भीती प्रशासनाला कायम असते. कंत्राटी कामगारांच्या इतक्या केसेस बघितल्यावर ती भीती अगदीच खोटी नाहीये हे मी पण मान्य करते. पण परिणाम काय होतो बघा, वस्तीत ज्या गोष्टी खरंच चालतात त्या सगळ्या माणसांवर चालतात, बालवाडी ताईंवर चालते, वाचनालय तिथे बसणाऱ्या माणसावर चालतं, ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र चावी ज्याच्याकडे आहे त्याच्यावर चालतं, आणि नेमका त्याच माणसाला द्यायला पैसा नाही. बस घेऊन दिली, ड्रायव्हर तुमचा तुम्ही बघा, असा प्रकार आहे.

तुमच्या आसपास बघा एकदा चक्कर मारून. कुलूप लावलेली व्यायामशाळा, कुलूप लावलेलं विरंगुळा केंद्र, झाडं वाळलेलं उद्यान पण कारंजं आणि कमान मात्र नवी. बांधायला पैसे होते, उघडायला नव्हते. लोक म्हणतात भ्रष्टाचार, असेलही, कमानीत जास्त 'सुटतं' हे शेंबडं पोर पण सांगेल. पण सगळी गोष्ट भ्रष्टाचाराची नाही, अगदी प्रामाणिक अधिकारी असला तरी तो कमानच लावेल कारण कमान लावायला लेखाशीर्ष म्हणजे हेड आहे आणि चावीवाल्याला नाही. आमच्या मंचातले काही जण ह्या मुद्द्यावर माझ्याशी भांडतात, त्यांना सगळं टक्केवारीवर ढकलायचं असतं. ढकला. पण टक्केवारी उद्या बंद झाली तरी तुमच्या अभ्यासिकेचं कुलूप उघडायला माणूस मिळणार नाही, ते हेड वेगळं आहे.

महिला व बालकल्याणचं पण तेच. महापालिकांनी ५ टक्के पैसे महिला-बालकल्याणसाठी राखायचे असा नियम आहे, चांगला नियम आहे, आणि त्यातून काय होतं? शिलाई मशीन वाटप. मी शिलाई मशीनच्या विरोधात नाही, पण आमच्या गल्लीत अशी मशीनं आहेत ज्यांच्यावर टीव्ही ठेवलाय, कारण मशीन दिलं पण शिकवणारी बाई दिली नाही, कापडाचा सप्लाय नाही, काम आणून देणारं कोणी नाही. त्याच पैशात एखादं पाळणाघर चालवायला दोन बायकांना मानधन दिलं असतं तर घरकामाला जाणाऱ्या कितीतरी जणींची सोय झाली असती. धुणीभांडीवाल्या बायका लहान पोर कडेवर घेऊन कामाला जातात, त्यांना मशीन नकोय, चार तास पोर सांभाळणारं कोणीतरी हवंय. हे आम्ही लिहून दिलंय. उत्तर तोंडी आलं, की "मॅडम, मशीनचा फोटो काढता येतो." मला तो क्लार्क आवडला, निदान खरं बोलला.

आता दुसरं दार, आणि इथे मात्र मला कौतुक करायचंय, जरा मोठं लिहिते. समाज विकास विभाग, काही ठिकाणी ह्यालाच नगरवस्ती विभाग म्हणायचे किंवा अजून म्हणतात. आमचे बचत गट राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या काळातले, तेच २०१३ मध्ये सुरू झालेलं आणि २०२४ मध्ये संपलेलं, मध्ये ज्याच्या नावापुढे दीनदयाळ अंत्योदय योजना लागलं. त्याच्या आधी १९९७ पासूनची सुवर्णजयंती शहरी रोजगार योजना होती, आमच्यातल्या जुन्या बायका अजून तिचंच नाव घेतात. अभियानात साधी पद्धत होती, दहा ते वीस बायकांचा गट, पंचसूत्री पाळायची म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब, आणि गटातल्या किमान ७० टक्के बायका शहरी गरीब असल्या की १०,००० रुपये फिरता निधी. असे दहा-वीस गट एकत्र आले की वस्तीस्तर संघ, त्याला ५०,००० रुपये फिरता निधी. वर बँकेचं कर्ज मिळालं तर ७ टक्क्यांच्या वरचं व्याज योजनेतून जायचं, आणि महिला गटाने वेळेवर फेडलं तर आणखी ३ टक्के सूट असायची.

१०,००० म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? एका कमानीच्या रंगाचा खर्च असेल. पण हा पैसा गटाच्या खात्यात यायचा, बायकांच्या हातात यायचा, कोणाला किती द्यायचे ते बायका ठरवायच्या आणि परत वसूल पण करायच्या, आणि मग तोच दुसरीला जायचा. आमच्या एका गटात तो पैसा फिरून फिरून एकीच्या पोराच्या डिप्लोमाच्या फीला गेला, दुसरीने भाजीची गाडी दुरुस्त केली, तिसरीने सोनं सोडवलं सावकाराकडून. ह्याचं उद्घाटन झालं नाही, फलक नाही, तरी ह्याच्याइतकं चाललेलं दुसरं काही मी वॉर्ड ऑफिसमधून आलेलं बघितलं नाही. आणि ह्याचं कारण पण मला तेच दिसतं, इथे योजनेत माणूस धरलाय. गट बांधायला समूह संघटिका होती, पगारावर, चप्पल झिजवणारी, बैठकीला येऊन वही तपासणारी, बँकेत सोबत येऊन मॅनेजरपुढे आमच्या वतीने बोलणारी. ती होती म्हणून गट टिकले. तिची बदली झाली की दोन गट बारगळले, नवीन आली की परत उभे राहिले. अजून काय पुरावा पाहिजे.

तक्रार आहे, नाही असं नाही. बँकेत खातं उघडताना आमच्या एका गटाला जो काही त्रास दिला गेला तो लिहायला बसले तर वेगळा रिव्ह्यू होईल. आधार आणा, पॅन आणा, ठराव आणा, ठरावावर सह्या निळ्या शाईने का नाहीत, अध्यक्ष सचिव दोघी आत्ताच्या आत्ता पाहिजेत, आज साहेब नाहीत. आणि निधी मंजूर झाल्यावर खात्यात येईपर्यंत जो काळ जायचा त्यात गटातल्या निम्म्या जणींचा विश्वास उडायचा की हे पैसे खरंच येणार आहेत का. पण यायचे. एवढं मात्र खरं.

तिसरं दार सगळ्यात त्रासदायक, संस्थेला अनुदान किंवा संस्थेमार्फत एखादी सेवा चालवायला घेणं. इथे महापालिकेचं म्हणणं असतं की तुम्ही आधी 'संस्था' पाहिजे. म्हणजे १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात जणांनी मिळून नोंदणी, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट, कमिटी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज, पॅन, बँक खातं, दर्पण म्हणजे संस्थांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलचा नंबर, तीन वर्षांचे ताळेबंद. हे सगळं असायलाच पाहिजे, पब्लिकचा पैसा आहे, कोणीही उठून घेऊन जाईल असं नको. पण मग होतं काय की खरंच वस्तीत काम करणाऱ्या, पण कागदात कच्च्या असलेल्या बायका बाहेर राहतात आणि ज्यांच्याकडे सीए आहे, लेटरहेड आहे, आतल्या माणसाचा नंबर आहे अशा संस्था चार-चार प्रभागांत कामं घेऊन बसतात आणि त्यांचं वस्तीत कोणी तोंडही बघितलेलं नसतं. आमच्याकडच्या एका विरंगुळा केंद्राची 'चालक संस्था' कोण आहे हे तिथे रोज पत्ते खेळणाऱ्या आजोबांनाही माहीत नाही.

उदाहरणं चांगली आहेत हो आपल्याच राज्यात. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' सहकारी संस्था, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कामातून उभी राहिलेली, महापालिकेशी २००८ मध्ये करार झाला, कचरावेचक दारोदार जाऊन कचरा घेतात, घरटी ठरलेले पैसे घेतात, पालिका ढकलगाड्या, हातमोजे आणि व्यवस्थापनाला मदत करते. त्या करारावरून वाद झाले, मुदतवाढीला ताटकळावं लागलं, सगळं झालं, पण मुद्दा असा की तिथे काम करणाऱ्या हातांना धरून व्यवस्था बसवली गेली. मुंबईत दत्तक वस्ती योजनेत कित्येक वर्षं वस्तीतल्याच संस्थांना सफाईसाठी पैसे दिले गेले, त्यातही तक्रारी भरपूर, तरी कल्पना तीच, की झाडू मारणाऱ्या माणसाचे पैसे. आणि दिव्यांगांसाठी स्थानिक संस्थांनी ५ टक्के निधी खर्च करायचा असतो, त्यातून बऱ्याच ठिकाणी थेट खात्यात मदत जाते. म्हणजे माणसाला पैसे देता येत नाहीत हे खोटं आहे. नियम तसा केला की देता येतात.

नगरसेवकांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासकट बऱ्याच महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासक होते, जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. प्रशासकाच्या काळात कारभार बरा होता असं म्हणणारे लोक मला भेटतात, मी त्यातली नाही. नगरसेवक असताना निदान कोणाच्या दारात जाऊन बसायचं ते माहीत असतं, आणि तो स्वतःच्या निधीतून का होईना, काहीतरी हलवतो. प्रशासकाच्या काळात आमची फाईल 'वर' गेली होती. 'वर' म्हणजे कुठे हे कोणालाच सांगता येत नव्हतं. पण नगरसेवकाचा दुसरा ताप हा की नागरिकांच्या बजेटमध्ये तुमचं काम मंजूर झालं तरी वर्षाच्या मध्ये 'वर्गीकरण' होतं, म्हणजे तुमच्या कामाची तरतूद उचलून दुसऱ्या कामाकडे. तुम्हाला कोणी कळवत नाही. तुम्ही मार्चमध्ये विचारायला गेलात की उत्तर येतं, त्या हेडवर शिल्लक नाही. आणि मग दोन गल्ल्या सोडून नवी कमान दिसते.

प्रभाग समितीत स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमायची कायद्यात सोय आहे, त्याचा उपयोग ह्या वर्गीकरणावर लक्ष ठेवायला व्हायला पाहिजे. आमच्याकडे ती नावं कुठून येतात हे सगळ्यांना माहीत आहे, संस्थेच्या ऑफिसमधून तर नक्कीच नाही. २००९ मध्ये राज्याने कायद्यात क्षेत्र सभेची तरतूद केली, ग्रामसभेसारखी शहरात मतदारांची सभा. झाली का तुमच्याकडे कधी? आमच्याकडे सतरंजीसुद्धा अंथरली गेली नाही.

तर आता कोणाला ह्या वर्षी फॉर्म भरायचा असेल तर अनुभवातून जे कळलं ते देते, क्रमाने वगैरे नाही, सुचेल तसं. फॉर्ममध्ये एका कागदावर एकच काम लिहा. चार कामं एकत्र लिहिली की ती चार विभागांची निघतात आणि कागद चारही टेबलांवर फिरून हरवतो. जागा पालिकेची आहे का ते आधी बघा, म्हाडाची किंवा रेल्वेची किंवा खासगी सोसायटीच्या हद्दीतली असेल तर तिथेच विषय संपतो. जागेचा फोटो लावा, आणि फोटोच्या मागे जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर किंवा दुकानाची खूण लिहा, जेई बिचारा शोधत बसत नाही. एस्टिमेट झालं का ते विचारत राहा, एस्टिमेट न झालेलं काम बजेटमध्ये जाऊच शकत नाही. बजेट छापून आलं, म्हणजे वेबसाईटवर पीडीएफ आलं, की त्यात तुमच्या प्रभागाचं पान शोधून कामाचं नाव आणि लेखाशीर्ष लिहून ठेवा, तो आकडा पाठ पाहिजे, कारण त्या आकड्याशिवाय विचारलं तर कोणीही म्हणेल असं काही काम नाही.

वर्गीकरणाचा संशय आला की माहिती अधिकार. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. विचारताना 'माझ्या कामाचं काय झालं' असं विचारू नका, त्याला 'प्रक्रिया सुरू आहे' असं उत्तर येतं. विचारा की ह्या लेखाशीर्षावर ह्या तारखेला तरतूद किती, खर्च किती, वर्गीकरण झालं असल्यास ठराव क्रमांक आणि प्रत. आकडे मागितले की आकडे द्यावे लागतात. फाईल बघायला मिळावी असंही मागता येतं, आणि मी तर सांगेन बघायलाच जा, कारण फाईलच्या टिपण्यांमध्ये जे शेरे असतात ते उत्तरात कधीच येत नाहीत. आमच्या फाईलवर एका साहेबांनी लिहिलंय, 'मागणी योग्य, तथापि प्रघात नाही.' हे वाक्य वाचल्यावर मला रागही आला आणि हसूही आलं.

संस्था म्हणून काही मागणार असाल तर ऑडिट रिपोर्ट दरवर्षीचा दरवर्षी करून ठेवा, दोन हजार-पाच हजारांचा व्यवहार असला तरी, नंतर तीन वर्षांचं एकदम करायला सीए जे पैसे सांगतो त्यात अर्ध अनुदान जातं. अनुदान मिळालंच तर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामालाच लागला याचा दाखला, वेळेवर द्या, नाहीतर दुसरा हप्ता विसरा. बचत गटवाल्यांनी हिशोबाची वही दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ नका, गटातलीच जी पोरगी बारावी झालीय तिला बसवा.

अभ्यासिकेच्या माणसाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्याच्यासाठी हेड नाहीच मिळालं. मग एका अनुभवी माणसाने सुचवलं की 'मानधन' हा शब्दच काढा, समाजमंदिराची 'देखभाल व स्वच्छता' म्हणून मागा, संस्थेला काम म्हणून द्या म्हणा, वर्षाचं. आता तो कागद क्षेत्रीय कार्यालयात आहे. देखभाल महसुली असली तरी तिला आधीपासून हेड आहे, ठेकेदाराला द्यायचं ते आम्हाला द्या एवढाच फरक. सहायक आयुक्त बघू म्हणालेत. 'बघू' म्हणजे नाही असं आमच्या मंचातले काका म्हणतात, मी म्हणते ह्या ऑफिसमध्ये नाही म्हणायचं असेल तर सरळ 'हेड नाही' म्हणतात, 'बघू' म्हणजे हेड आहे.

आणि हो, फॉर्म द्यायला जाल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, नंबर आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमच्याकडे आवकची बाई दीडनंतर जेवायला जाते आणि तिच्या जागी जो बसतो तो कागद ठेवून घेतो पण नंबर देत नाही, म्हणून सकाळीच जा.